पूर ओसरल्यावर घरातला आणि गल्लीतला गाळ कसा काढायचा

आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा पातळी, ४५ फुटांवर धोका पातळी. हे आकडे सांगलीत शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ च्या वर, जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५४ च्या पुढे. पाणी चढताना काय करायचं हे भोंग्यावरून, मोबाईलवरून, शेजाऱ्यांकडून सतत कानावर येत असतं. पाणी उतरल्यावर दार उघडून आत घोट्यापर्यंत काळा रेंदा दिसतो तेव्हा मात्र सुरुवात कुठून करायची ते सांगायला कुणी जवळ नसतं, कारण प्रत्येकजण आपापल्या दारात तसाच उभा असतो.

हा लेख तीन प्रकारच्या लोकांसाठी आहे. गावभाग, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट अशा सखल भागात नव्याने राहायला आलेल्यांसाठी. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, हरिपूर अशा नदीकाठच्या गावांत पहिल्यांदाच पूर पाहणाऱ्यांसाठी. आणि विटा, जत, आटपाडीकडून मदतीला धावून येणाऱ्या तरुण पोरांसाठी, ज्यांच्याकडे ताकद आणि तळमळ भरपूर असते, पण गाळ कसा वागतो हे माहीत नसतं.

गाळ म्हणजे काय, आणि घाई कशासाठी

कृष्णा, कोयना, वारणा या नद्या सह्याद्रीच्या काळ्या कातळातून उतरतात. त्या कातळाची झीज होऊन तयार झालेली बारीक, चिकट माती पुराबरोबर वाहत येते आणि पाणी जिथे संथ होतं तिथे बसते. आपली घरं नेमकी तशा संथ पाण्यात असतात. वाटेत तिच्यात ड्रेनेजचं पाणी, डिझेल, शेतातली औषधं आणि मेलेली जनावरं मिसळतात. त्यामुळे शेतातला चिखल आणि घरातला गाळ एकच समजू नका.

वजनाचा अंदाज आधी घ्या. १० बाय १२ च्या खोलीत ६ इंच गाळ म्हणजे ६० घनफूट, अर्ध्या ब्रासपेक्षा जास्त (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). ओला असताना त्याचं वजन अडीच ते तीन टन भरतं. २० किलोचं एक घमेलं धरलं तर एका खोलीची सव्वाशे ते दीडशे घमेली होतात. चार खोल्यांचं घर दोघा-तिघांनी एका दिवसात रिकामं होत नाही, हे मनाशी पक्कं करूनच कामाला लागा.

हाच गाळ ओला आहे तोवर सरकतो. दोन दिवस ऊन लागलं की वर पापुद्रा धरतो, भेगा पडतात, आणि मग फरशीवरून खरवडून काढावा लागतो. गटारात सुकला तर टिकावाशिवाय निघत नाही. घाई करायची ती एवढ्यासाठीच. बाकी कुठल्याही कामात घाई नको.

लागणारं साहित्य

हे सामान नातेवाइकांना फोन करून बाहेरगावाहून मागवा. पूर ओसरल्यावर शहरात खराटा मिळत नाही, कारण खराटे विकणारं दुकानही पाण्यातच असतं.

- फावडी, खोरी, प्लास्टिकची घमेली (लोखंडी घमेली दिवसभर उचलून हात भरून येतात)
- लांब दांड्याचे रबरी वायपर, खराटे, तारेचा ब्रश
- गमबूट आणि जाड रबरी हातमोजे, प्रत्येक माणसाला स्वतंत्र
- मास्क, साधा चष्मा, टॉर्च, दोरी, लांब काठी
- रिकामी पोती, धुण्याची पावडर, ब्लीचिंग पावडर
- प्यायचं पाणी, जखम धुण्याचं औषध, पट्ट्या

आणि जमलं तर एक एचटीपी पंप, म्हणजे जोराच्या दाबाने पाणी फवारणारा पंप. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ भागात द्राक्षबागेच्या फवारणीसाठी हा पंप घरोघर असतो. त्याला टँकर जोडला की पक्क्या घराची फरशी आणि भिंती झपाट्याने निघतात. ओळखीत कुणी बागायतदार असेल तर संकोच न करता विचारा. सांगली जिल्ह्यातली माणसं पुराच्या वेळी नाही म्हणत नाहीत.

## १. आत पाऊल टाकण्याआधी

उंबऱ्याबाहेर थांबा. मेन स्विच कोरड्या जागी असेल आणि तिथे पाण्यात न उभं राहता पोचता येत असेल, तरच तो बंद करा. नाहीतर महावितरणच्या माणसाला बोलवा किंवा १९१२ वर कळवा. गल्लीत वीज आलेली नाही, म्हणजे धोका नाही, असं धरून चालू नका. पलीकडच्या घरातला इन्व्हर्टर किंवा जनरेटर तारेत वीज सोडू शकतो.

मग भिंती बघा. गावभागातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती मातीच्या आहेत, वरून नुसता गिलावा असतो. अशी भिंत पाण्यात असताना उभी राहते आणि पाणी उतरून वाळायला लागली की बसते. नवी भेग, फुगलेला गिलावा, तिरकी झालेली चौकट, खाली आलेली तुळई दिसली तर आत जाऊ नका, मग आत कितीही मौल्यवान वस्तू असो.

गॅसचा वास आला तर दारं-खिडक्या उघडून बाहेर या, काडी किंवा बटण काहीही लावू नका. तरंगून आडवा झालेला सिलिंडर रेग्युलेटर काढून मोकळ्यावर ठेवा. एजन्सीने तपासल्याशिवाय तो वापरू नका.

आता साप. पुरात नाग, घोणस, मण्यार कोरड्या जागेच्या शोधात पोटमाळ्यावर, कपाटात, गादीच्या घडीत शिरतात. प्रत्येक वस्तू आधी काठीने हलवा, हात नंतर घाला. नदीकाठच्या गावांत मगरीही पाण्याबरोबर वस्तीत येतात. मगर किंवा साप दिसला तर वनखात्याला १९२६ वर कळवा. पकडायचा प्रयत्न करू नका, गर्दी करू नका. सापाने दंश केला तर १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखाना गाठा.

## २. एकही घमेलं उचलण्याआधी फोटो

प्रत्येक खोलीचे चार कोपऱ्यांतून फोटो घ्या. भिंतीवरची पाण्याची रेघ दिसली पाहिजे, तिच्याशेजारी माणूस किंवा मोजपट्टी उभी करा. फ्रिज, वॉशिंग मशीन, पंप यांच्या मागे चिकटवलेली कंपनीची पट्टी आणि क्रमांक जवळून टिपा. घराचा बाहेरून फोटो घेताना घर क्रमांक किंवा वीज मीटर त्यात येऊ द्या. तारीख आणि ठिकाण दाखवणारं ॲप असेल तर उत्तम. फोटो लगेच बाहेरगावच्या कुणाला तरी पाठवून ठेवा, कारण चिखलात फोन पडतोच.

इथे एक सापळा आहे. "पंचनामा होईपर्यंत काहीही हलवू नका" असं कुणीतरी हमखास सांगतं. पथक यायला किती दिवस लागतील ते त्या पथकालाही माहीत नसतं आणि तोवर गाळ दगड होतो. फोटो आणि व्हिडिओ घेतले की कामाला लागा. फेकायच्या वस्तू दाराबाहेर एका बाजूला रचून ठेवा म्हणजे पथकाला दाखवता येतील. अपवाद विमा असलेल्या दुकानाचा. तिथे आधी कंपनीला ईमेल करा, साफसफाई सुरू करत असल्याचं लेखी कळवा, सर्व्हेअरसाठी खराब मालाचा नमुना बाजूला ठेवा.

## ३. गल्लीने एकत्र बसा

हा टप्पा लोक सर्रास गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. प्रत्येकजण आपल्या घरातला गाळ दारासमोरच्या गटारात लोटतो. गटार तुंबतं, उताराच्या घराकडे पाणी फिरतं, आणि सकाळी धुतलेलं घर संध्याकाळी पुन्हा भरतं. माणसं थकलेली असतात, भांडण व्हायला वेळ लागत नाही. आणि मग ट्रॉली आली तरी ढिगापर्यंत पोचू शकत नाही, कारण मध्ये कुणाचं तरी कपाट आडवं पडलेलं असतं.

म्हणून अर्धा तास सगळ्यांनी चौकात उभं राहून ठरवा. क्रम लक्षात ठेवायला सोपा आहे: गटार खालून वर, घरं वरून खाली.

गटार आधी नाल्याच्या तोंडाशी मोकळं करा आणि तिथून उलट वर चढत या. ढापे उचला, काठी घालून पाणी वाहतंय का पाहा. वरून सुरुवात केली तर सुटलेला गाळ खाली जाऊन आणखी घट्ट बसतो. घरं मात्र उंचावरची आधी धुवा, उताराची शेवटी, म्हणजे कुणाचं धुण्याचं पाणी दुसऱ्याच्या स्वच्छ घरात जाणार नाही. उताराच्या घरांनी तोवर फक्त गाळ उपसावा, सामान हलवावं. त्यांना थांबावं लागतं, म्हणून वरच्या घरांतली माणसं आपलं घर संपल्यावर खाली मदतीला उतरतील हे तेव्हाच सगळ्यांसमोर ठरवून घ्या. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं, आजारी माणसाचं, बाळंतिणीचं घर या क्रमात आधी घ्या.

ट्रॉली किंवा डंपर वळेल इतका रस्ता मोकळा सोडा. ढीग एका बाजूला, तेही वेगवेगळे: गाळ एकीकडे, गाद्या-फर्निचर एकीकडे, टीव्ही-बॅटरीसारखं सामान एकीकडे, काच आणि पत्रा वेगळ्या पोत्यात. सगळं एकत्र कालवलं की जेसीबीने उचलावं लागतं आणि अरुंद बोळात जेसीबी शिरत नाही. मेलेलं जनावर दिसलं तर हात न लावता महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आरोग्य विभागाला कळवा.

नाल्यात किंवा नदीकाठी गाळ टाकू नका. शेरीनाल्यासारखे नाले आधीच भरलेले असतात. ऑगस्ट-सप्टेंबरात पुन्हा मोठा पाऊस झाला तर तेच पाणी पहिल्यांदा आपल्याकडे वळतं.

## ४. गाळ उपसणं

नशिबाने पाणी उतरत असताना तुम्ही घराजवळ असाल तर सगळ्यात सोपा उपाय तेव्हाच हाताशी असतो. पाणी घोट्याएवढं राहिलं, वीज नक्की बंद आहे, ओढ नाही, अशा वेळी खराट्याने तळ ढवळत राहा आणि उतरणाऱ्या पाण्याबरोबर गाळ दाराबाहेर लोटा. नदीच्या पाण्याने आणलेला गाळ नदीच्याच पाण्याबरोबर जातो. पाणी गुडघ्याच्या वर असेल, किंवा बाहेरच्या चेंबरची झाकणं कुठे आहेत ते दिसत नसेल, तर यात पडू नका.

पाणी गेलेलं असेल तर असं करा.

दार फुगलेलं असतं आणि मागे गाळ असतो. लाथा मारून चौकट उखडू नका. खिडकीतून आत शिरून दारामागचा गाळ आधी काढा.

मधली वाट मोकळी करा, मग सामान बाहेर, मग गाळ. सामान आत ठेवून भोवतीने गाळ काढायला दुप्पट वेळ लागतो. लोखंडी कपाट आणि फ्रिज आडवे पडलेले असतात, आत पाणी भरलेलं असतं. ते पाणी काढल्याशिवाय उचलायला जाऊ नका, कंबर धरते.

पोटमाळ्यापासून खाली, मागच्या खोलीपासून दाराकडे. फावड्याने जाड थर, मग वायपरने पातळ थर. माणसांची ओळ करून घमेली हातोहात द्या. घमेलं घेऊन एकेकट्याने ये-जा केली तर निसरड्या फरशीवर कुणीतरी पडतंच. घमेलं पाऊणच भरा. तासाभराने जागा बदला, फावडं मारणारा ओळीत आणि ओळीतला फावड्यावर.

मोरी आणि संडासाच्या भांड्यावर आधी फळी किंवा पोतं दाबून ठेवा. तिथे गाळ शिरला तर पुढचे कित्येक दिवस घरात संडास वापरता येत नाही. संडासाची सेप्टिक टाकी पूर ओसरल्या ओसरल्या पूर्ण उपसू नका. आजूबाजूची जमीन पाण्याने भरलेली असताना रिकामी टाकी वर उचलली जाते किंवा तिच्या भिंती आत येतात. तळघराचंही तसंच आहे. दुकानाचं तळघर भरलं असेल तर पाणी थोडं थोडं उपसा, मध्ये थांबा, पातळी पुन्हा चढते का पाहा. चढत असेल तर जमिनीतलं पाणी अजून भिंतीला रेटतंय.

हरिपूरच्या हळदीच्या पेवात (हळद साठवायच्या जमिनीखालच्या खोल खड्ड्यात) उतरण्याआधी कंदील खाली सोडून हवा बघायची रीत होती. तो जुना शहाणपणा होता, पण ड्रेनेज चेंबर, शोषखड्डा, बंद हौद यांत असलेले सगळेच विषारी वायू कंदील विझवत नाहीत. अशा कुठल्याही जागेत उतरू नका, कुणाला उतरू देऊ नका. आतला माणूस कोसळला की वाचवायला गेलेला दुसराही जातो. हे काम यंत्राने, महापालिकेच्या गाडीनेच करून घ्यायचं.

सातारा जिल्ह्यात पाटणच्या डोंगराळ भागात २०२१ मध्ये दरडी कोसळल्या. तसा दरडीचा चिखल घरात असेल तर वरची रीत लागू होत नाही. त्यात दगड आणि झाडं असतात, वरचा उतार अजून सुटायच्या बेतात असतो. प्रशासनाने जागा सुरक्षित असल्याचं सांगितल्याशिवाय तिथे फावडं लावू नका.

## ५. धुणं आणि जंतुनाशक

क्रम बदलू नका: आधी गाळ पूर्ण काढा, मग साबणाने धुवा, मग ब्लीचिंग. चिखलावर ब्लीचिंग पावडर फेकलेली दिसते तेव्हा वाईट वाटतं, कारण चिखलातली घाणच तिची ताकद खाऊन टाकते आणि जंतू तसेच राहतात.

दहा लिटर थंड पाण्यात साधारण दीडशे ग्रॅम चांगली, ताजी ब्लीचिंग पावडर प्लास्टिकच्या बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी फरशीवर आणि भिंतीच्या खालच्या भागावर मारा. अर्धा तास ठेवून धुवून काढा. खिडक्या उघड्या, हातमोजे, चष्मा. जुनी, गुठळ्या झालेली, वास गेलेली पावडर उपयोगाची नाही.

ब्लीचिंगमध्ये संडास धुण्याचं ॲसिड किंवा फिनेल कधीही मिसळू नका. ॲसिडबरोबर क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत माणूस गुदमरतो. मदतीला आलेल्या उत्साही पोरांना हे कामाच्या आधी सांगा.

एचटीपी पंप पक्क्या भिंतींवरच मारा. मातीच्या भिंतीवर, स्विचबोर्डवर, फ्रिजच्या मागे त्याचा फवारा नको. तिथे फडकं आणि हातच.

## ६. प्यायचं पाणी

नळाला पाणी आलं म्हणजे ते पिण्याजोगं झालं असं नाही. पहिलं पाणी धुण्याला सोडून द्या. त्यानंतरही काही आठवडे उकळूनच प्या. गढूळ असेल तर तुरटी फिरवून निवळू द्या, वरचं पाणी गाळून घ्या, खळखळून उकळा. क्लोरीनच्या गोळ्या मिळाल्या तर पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच.

जमिनीखालची टाकी पुरात बुडाली असेल तर सगळं पाणी काढा, घासून धुवा, पुन्हा भरा आणि दर हजार लिटरला दीडशे ग्रॅम ब्लीचिंग पावडरचं निवळलेलं पाणी घाला. बारा तास ठेवून ते पूर्ण सोडून द्या, मग प्यायचं पाणी भरा. हे प्रमाण टाकी शुद्ध करण्यासाठी आहे, पिण्याच्या पाण्यासाठी नाही. विहीर, आड, बोअर यांचं शुद्धीकरण ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून किंवा आरोग्य कर्मचाऱ्याकडून करून घ्या आणि ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी चाचणी) स्वतः समोर उभं राहून बघा.

## ७. अंगाची काळजी

पायाला जखम असेल तर गाळात उतरू नका. उंदीर आणि जनावरांच्या लघवीतून येणारा लेप्टोस्पायरोसिस ओल्या जखमेतून शिरतो. गाळात काम करणाऱ्यांना सरकारी दवाखान्यात प्रतिबंधक गोळ्या देतात. त्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांना देताना विशेषतः. धनुर्वाताचं इंजेक्शन बरेच वर्षांत घेतलं नसेल तर घ्या. काम केल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर "थकवा असेल" म्हणून घरी बसू नका, आणि डॉक्टरांना पुराच्या गाळात काम केल्याचं आधी सांगा.

जेवणाआधी साबणाने हात. नुसते चिखलाचे हात पाण्यात बुडवून मदत-केंद्रावरची खिचडी खाणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी जुलाब होतात.

## ८. वीज आणि यंत्रं

भिंतीतल्या पाइपमध्ये पाणी साचून राहतं. बोर्ड वरून कोरडा दिसला तरी आतून ओला असतो. परवानाधारक वायरमनकडून बोर्ड उघडून घ्या, वाळू द्या, मेगरने (वायरिंगमधून वीज झिरपते का ते मोजणाऱ्या यंत्राने) तपासून घ्या, मगच पुरवठा सुरू करा. बुडालेले एमसीबी (बोर्डातले आपोआप पडणारे स्विच) बदलाच.

फ्रिज, मिक्सर, मोटर "चालतंय का बघू" म्हणून लावू नका. वाळवून, उघडून दुरुस्त होणारी यंत्रं अशाने जळतात. बुडालेल्या दुचाकीला किक किंवा मोटारीला चावी मारू नका, ओढून गॅरेजला न्या.

## ९. काय वाचतं, काय सोडायचं

धान्य, पीठ, मसाले, औषधं, बाळाच्या बाटल्या, कापसाच्या गाद्या, प्लायवूडचं फर्निचर: सोडा. वर्षभराचा गहू-ज्वारी टाकताना जीव तुटतो हे मला माहीत आहे, पण पुराच्या पाण्यात भिजलेलं धान्य वाळवून दळलं तरी ते खाण्यालायक होत नाही.

सागवानी लाकूड, पितळ, स्टील, काच, दगडी पाटा-वरवंटा वाचतात. लाकूड सावलीत वाळवा, उन्हात तडकतं.

कागदांवर थोडा वेळ खर्च करा. जमिनीचे खरेदीखत, शाळेचे दाखले, जन्माचे दाखले चिखलाने चिकटले असतील तर ओढून सुटे करू नका. स्वच्छ पाण्याच्या परातीत अलगद बुडवून चिखल सुटू द्या, जुन्या सुती साडीवर पसरा, पंख्याखाली किंवा सावलीत वाळवा. एकाच दिवशी सगळे होणार नसतील तर धुऊन प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओळखीच्या घरच्या डीप फ्रिजमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदाला बुरशी येत नाही, सवडीने एकेक काढता येतो. फोटोंनाही हेच, फक्त त्यांच्या चित्राच्या बाजूला बोट लावू नका.

## १०. पंचनामा

गावात तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), ग्रामपंचायतीचा अधिकारी आणि शेतीसाठी कृषी सहायक (आता सहायक कृषी अधिकारी) येतात. शहरात महसूल आणि महापालिकेची पथकं. मदतीची रक्कम आणि निकष दर पुराच्या वेळच्या शासन निर्णयात येतात, त्यामुळे मागच्या पुराचे आकडे धरून बसू नका. एका फाइलमध्ये हे तयार ठेवा:

- आधार कार्ड आणि रेशन कार्डाच्या प्रती
- बँक पासबुकाचं पहिलं पान, खातं चालू असल्याची खात्री करून
- घरपट्टीची पावती किंवा वीज बिल
- भाडेकरू असल्यास भाडेकरार
- शेतीसाठी सातबारा, आठ-अ
- दुकानासाठी नोंदणीचा दाखला, खरेदीची बिलं, बँकेला दिलेलं मालाचं विवरण
- फोटो, छापून

भाडेकरूंनी विशेष लक्ष द्या. घर मालकाच्या नावावर असलं तरी सामान तुमचं बुडालं आहे. पंचनाम्यात राहणाऱ्या कुटुंबाचं नाव स्वतंत्र लिहिलं गेलं आहे का, हे सही करण्याआधी वाचा. एकाच वाड्यात चुली वेगळ्या असतील तर प्रत्येक रेशन कार्डाची नोंद वेगळी करून घ्या. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या फॉर्मवर सही करू नका. पंचनाम्याचा मोबाईलवर फोटो घ्या. नाव राहून गेलं तर तहसील कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या, तोंडी सांगितलेलं गर्दीत हरवतं.

## ११. नंतरचे आठवडे

घरं धुऊन झाली की रस्त्यावर आणि पत्र्यावर राहिलेला पातळ थर वाळतो आणि वाहनांबरोबर उडायला लागतो. हा टप्पा कुणी मनावर घेत नाही, पण दम्याच्या माणसांना आणि लहान मुलांना सगळ्यात जास्त त्रास याच धुळीचा होतो. कोरडा झाडू मारू नका. आधी हलकं पाणी शिंपडा, इतकंच की धूळ बसेल, पुन्हा चिखल होणार नाही, मग झाडून पोत्यात भरा. मास्क लावा. पत्र्यावरची माती पन्हळीत लोटू नका, बादलीने खाली घ्या. पत्र्यावर चढताना खाली दुसरा माणूस हवाच, आणि पाय खिळ्यांच्या ओळीवर, मधल्या पोकळीवर नाही.

दारं-खिडक्या दिवसभर उघड्या ठेवा. कपाटं भिंतीपासून वीतभर दूर. बुरशीचे काळे ठिपके आले तर कोरडे खरवडू नका, ओल्या फडक्याने पुसून ते फडकं फेका.

रंगाची घाई करू नका. गणपती किंवा दिवाळी तोंडावर आली की सगळ्यांना भिंती रंगवायच्या असतात, आणि ओल्या भिंतीवर मारलेला रंग पुढच्या पावसाळ्याआधीच पोपडे धरतो. भिंतीवर हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतून थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे. तोवर नुसता चुना मारा. चुन्याच्या भिंतीतून ओल बाहेर पडत राहते, आणि सणाला घर पांढरं दिसतं.